सातबाऱ्यातून सातव्या पिढीकडे

पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी असलेल्या पेशवे दफ्तरात, अधूनमधून एखादे गृहस्थ येतात आणि टेबलापलीकडच्या कर्मचाऱ्याला विचारतात, "आमच्या आडनावाचं काही सापडेल का?" पूर्वज पानिपतावर लढले होते असं आजोबा सांगायचे, एवढीच शिदोरी घेऊन ते आलेले असतात. पणजोबांचं नाव विचारलं की फोन काढून गावाकडच्या काकांना लावतात. काकांनाही नक्की आठवत नाही.

उत्साह चांगला, पण सुरुवात चुकीच्या टोकाकडून झालेली असते. १८९१ साली बांधलेल्या त्या दगडी इमारतीत हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत आणि त्यातला एकही आडनावाप्रमाणे लावलेला नाही. प्रांत, परगणा, खातं, साल अशी ती मांडणी. आपला माणूस कोणत्या गावचा, साधारण कोणत्या काळातला आणि त्याच्याकडं काय होतं, पाटीलकी होती, इनाम होतं की शिलेदारी, हे ठाऊक असल्याशिवाय तिथं हात घालण्यात अर्थ नाही.

आपल्याकडं सामान्य माणसाचं नाव कागदावर चढलं ते पराक्रमामुळं फार क्वचित. सारा भरला, कर्ज काढलं, वाटणी झाली, कुणी वारलं आणि वारस लागले, त्र्यंबकेश्वरी श्राद्ध केलं, भाऊबंदांत कज्जा झाला, अशा निमित्तानं ते चढलं. म्हणून माग काढायचा तो जमिनीचा, पैशाचा आणि भांडणाचा. तोही स्वतःपासून मागं, एकेक पिढी पक्की करत. मधली पिढी उडी मारून ओलांडली की पुढं सापडतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचं घराणं असतं.

आधी माळा, मग मामलेदार

घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापासून सुरुवात करा, आणि ती याच आठवड्यात करा. मात्र "तुमच्या आजोबांचा जन्म कधीचा?" असं विचारलंत तर "काय माहीत बाबा" एवढंच उत्तर मिळेल. सनावळी माणसांच्या लक्षात राहत नाही, आपत्ती राहतात. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला घरातलं कोण कोण गेलं? कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७) तेव्हा आजी होती का? पानशेतचं धरण फुटलं (१२ जुलै १९६१) तेव्हा तुम्ही कितवीत होता? मराठवाड्यात असाल तर रझाकारांच्या वेळी घर सोडून कुठल्या गावी गेलात, हे विचारा. एखादी म्हातारी सहज बोलून जाते, "माझी आजेसासू मानमोडीत गेली." मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. झालं, तुम्हाला मृत्यूचं साल मिळालं.

माझा अनुभव असा की पुरुष शेत कुणाचं ते सांगतात आणि बायका कोण कुठं दिली ते सांगतात. वंशवेल उभी करायला दुसरी माहिती जास्त कामाची. लग्नानंतर पहिलं नाव बदलण्याच्या आपल्या रिवाजामुळं एकच बाई माहेरच्या कागदात एका नावानं असते आणि सासरच्या कागदात दुसऱ्या. ही जोडी ज्यांना ठाऊक आहे अशा आत्या, मावश्या, चुलत आज्या आता थोड्याच उरल्या आहेत. प्रत्येक स्त्रीचं माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि भावाचं नाव ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय वही मिटू नका. संभाषण फोनवर ध्वनिमुद्रित करा, पण आधी विचारून.

मग माळ्यावर चढा. जन्मपत्रिकेच्या गुंडाळ्या, पोथीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर टिपलेल्या जन्मतिथी, लग्नपत्रिका, गहाणखतं हे सगळे शोधतातच. दोन गोष्टी मात्र हमखास राहून जातात. एक, आहेराची वही. कुणी चार आणे दिले, कुणी खण दिला, कुणी टोपी, हे गाववार लिहिलेलं असतं आणि त्यात भाऊबंद एकाखाली एक येतात. पाहुण्यांची गावं कोणकोणत्या दिशेची आहेत एवढं पाहिलं तरी घराणं कुठून सरकत आलं याचा अंदाज लागतो.

दुसरी गोष्ट तांब्यापितळेची भांडी. घंगाळाच्या काठाखाली किंवा परातीच्या मागच्या बाजूला ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं. चिंचेनं घासल्यावर वाचता येतं, की अमकी हिला तमक्या मामाकडून, अमुक गाव, आणि खाली तारीख. एका परातीवर मुलीचं माहेरचं नाव, तिच्या आईच्या माहेरचं गाव आणि लग्नाचा मुहूर्त एका-दोन दिवसांच्या फरकानं मिळतो. अशी भांडी मोडीत घालून स्टेनलेस स्टील घेतलेली घरं कितीतरी आहेत. तुमच्या घरी उरली असतील तर आजच फोटो काढून ठेवा.

एकाच नावाची चार माणसं

नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत शोध घेणाऱ्याला मदतही करते आणि खड्ड्यातही घालते. विठोबाचा राघू, राघूचा विठोबा, पुन्हा राघू. शिवाय दोन चुलतभावांनी आपापल्या थोरल्या मुलाला त्याच आजोबांचं नाव ठेवलं असेल, तर एकाच गावात एकाच वेळी दोन 'विठोबा बिन राघू' असणार. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्या आणि नावापेक्षा क्रमांकावर भरवसा ठेवा. माणूस ओळखायचा तो नाव, बाप, गाव आणि जमिनीचा नंबर या चारांवरून.

जुन्या कागदांत 'बिन' किंवा 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' किंवा 'भ्रतार' म्हणजे अमक्याची बायको. आडनाव बऱ्याचदा नसतंच. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चौगुले ही तर कामांची नावं. वतन गेलं किंवा घराण्याची एक शाखा दुसऱ्या गावी गेली, की त्याच रक्ताचे लोक मूळ आडनाव लावू लागले किंवा गावाला 'कर' जोडून मोकळे झाले. कोकणातल्या बेने इस्रायली कुटुंबांनीसुद्धा रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी आडनावं याच रीतीनं घेतली. तेव्हा आडनाव सारखं म्हणून नातं जुळवू नका आणि आडनाव वेगळं म्हणून तोडू नका. कुळदैवत, देवक आणि सुतक कुणाकुणाचं धरतात, हे तिन्ही जुळले तर भाऊबंद असण्याची शक्यता बरीच. त्यातही सुतक महत्त्वाचं. आडनाव बदललं, गाव बदललं, तरी ज्यांचं सुतक धरायचं ती घरं म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतात.

वर्तुळातले आकडे

आता सरकारी कागद. विलायतेत जनगणनेच्या नावनिशीवार याद्या शंभर वर्षांनी लोकांना खुल्या होतात. आपल्याकडं ती सोय नाही. आपली खरी खाण आहे महसुलाची. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्यानं हक्कनोंदणी सुरू झाली आणि तेव्हापासून जमीन ज्याच्या नावावर, त्याच्या मरणाची, वाटणीची आणि वारसांची नोंद गावोगाव होत राहिली.

आजचा सातबारा फक्त आजचा धनी सांगतो. शोधकाचं लक्ष हवं ते कब्जेदाराच्या नावाजवळ वर्तुळात लिहिलेल्या आकड्यांवर. ते फेरफार क्रमांक. त्या फेरफारांच्या, म्हणजे गाव नमुना ६ च्या नकला काढा. त्यांत मागच्या खातेदाराचं नाव मिळेल. त्याच्या काळचा जुना, हस्तलिखित सातबारा काढा. त्यावर पुन्हा वर्तुळं असतील. असं मागं जात राहायचं. वारसांसाठी ६-क ही वेगळी नोंदवहीही असते. अर्ज तलाठ्याकडं (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं आहे) किंवा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, कोर्ट फी स्टॅम्प लावून. पुष्कळ जिल्ह्यांतले जुने सातबारे आणि फेरफार आता महाभूमीच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. तिथं आधी बघा, हेलपाटे वाचतील.

वाटेत एक हमखास अडथळा येतो. आज गट नंबर असतो आणि जुन्या कागदात सर्व्हे नंबर. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत जमिनींना गट पडले आणि नंबर बदलले. दोहोंचा मेळ एकत्रीकरणाच्या योजनापत्रकात असतो आणि ते मिळतं तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात. हा मेळ न घालता पुढं गेलात तर शेजाऱ्याच्या पणजोबांचा शोध लागेल.

जुनी वारस नोंद वाचायची कशी, ते पाहू. समजा १९२७ सालचा फेरफार असा आहे: 'खातेदार केसू बिन राणू मयत. वारस मुलगे सखाराम वय २२ व धोंडू वय ९ अज्ञान, पालनकर्ती आई बायजा कोम केसू. मुलगी ठकू, लग्न होऊन नांदते.' वरवर पाहता एवढंच, की केसू वारला. पण थांबून वाचा. राणू, केसू आणि केसूची मुलं, तीन पिढ्या एका नोंदीत आल्या. सखारामचा जन्म १९०५ च्या आसपासचा, धोंडूचा १९१८ चा. मध्ये तेरा वर्षांचं अंतर आहे. त्या काळात इतकं अंतर रिकामं नसतं. एक तर मधली मुलं गेली, नाही तर बायजा ही दुसरेपणाची बायको आहे आणि सखाराम पहिलीचा. नोंदीत बायजाला धोंडूची पालनकर्ती म्हटलं आहे, सखारामची आई कोण हे कुठंच म्हटलेलं नाही. हा प्रश्न वहीत लिहून ठेवायचा आणि पुढं सखारामच्या शाळेच्या नोंदीत किंवा वाटणीच्या कागदात त्याचं उत्तर शोधायचं. ठकूचं सासर इथं लिहिलेलं नाही, पण पुढं तिनं भावांना हक्कसोड लिहून दिली असेल तर तिथं पतीच्या नावानिशी ती पुन्हा भेटेल. वयं मात्र अंदाजानं सांगितलेली असतात, चार-पाच वर्षं इकडंतिकडं धरून चाला.

दोन संक्षेप पाठ करा. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हा दुसरा फार फसवतो. सातबाऱ्यावर एकट्या थोरल्या भावाचं नाव दिसतं आणि आपण समजतो की बापाला एकच मुलगा. धाकटे तिघं त्या तीन अक्षरांमागं दडलेले असतात.

आता या कागदांपायी उभी राहणारी अडचण, जी कुठल्याही पुस्तकात लिहिलेली नसते. तुम्ही पुण्या-मुंबईहून गावी गेलात आणि तलाठ्याकडं जुने उतारे मागितलेत, की संध्याकाळपर्यंत गावभर होतं, 'हा आता वाटणी मागायला आला.' चुलत्यांचे चेहरे बदलतात, चहासुद्धा येत नाही. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणाऱ्या १९९४ च्या राज्याच्या आणि २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनंतर तर बहिणीनं, भाचरानं उतारा मागितला तरी घरात धस्स होतं. यावर उपाय एकच. आधी घरोघरी जाऊन कशासाठी हे करताय ते सांगा, मिळालेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स सगळ्या शाखांना द्या आणि तहसिलात जाताना भावकीतलं एखादं मानाचं माणूस बरोबर घ्या. त्यांचीच उत्सुकता एकदा चाळवली, की काम निम्म्यानं हलकं होतं.

शाळा आणि कोतवाल

गावच्या जुन्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर म्हणजे दुसरा भक्कम पुरावा. निर्गम उताऱ्यात मुलाचं नाव, बाप, जात, जन्मगाव, आधीची शाळा, शाळा सोडण्याचं कारण असं सगळं येतं. जन्मतारीख १ जून दिसली तर मात्र हसून सोडून द्या. मास्तरांनी शाळेत घालण्याच्या सोयीनं अख्ख्या पिढीला त्या दिवशी जन्माला घातलं आहे.

खरी तारीख कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये मिळण्याची शक्यता असते. कोतवाल गावातले जन्म-मृत्यू टिपून ठेवायचा आणि त्या वह्या पुढं तहसिलात जमा झाल्या. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसतं, कारण बारसं व्हायचं असतं. 'अमक्यास मुलगा' एवढंच. मृत्यूच्या नोंदीत कारण लिहिलेलं असतं: ताप, पटकी, देवी. एकाच घरात एका महिन्यात तीन नोंदी दिसल्या की साथीचा काळ लक्षात येतो.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तहसिलांतल्या धूळ खात पडलेल्या जुन्या वह्या राज्यभर बाहेर निघाल्या, मोडी वाचणारे नेमले गेले, सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गाववार चढवल्या गेल्या. मराठा आरक्षणाच्या वादात कुणाचं काहीही मत असो, वंशावळ शोधणाऱ्याला आयता खजिना मिळाला आहे. भावकीत कुणी जातपडताळणी केली असेल तर त्यांच्या फायलीतही शपथेवर लिहिलेली वंशावळ आणि तिचे पुरावे तयार असतात. ती फाईल आधी मागा.

हे झालं जुन्या मुंबई इलाख्यापुरतं. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडं होता. तिथले आधीचे कागद उर्दूत किंवा मोडीत, आणि हैदराबादच्या राज्य अभिलेखागारातही. तिथं १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक हा चांगला टप्पा, तर विदर्भात त्याच सुमाराचा अधिकार अभिलेख. गोव्याची तऱ्हा निराळी. पणजीच्या अभिलेखागाराची स्थापना १५९५ ची आहे. ख्रिस्ती घराण्यांसाठी चर्चमधली बाप्तिस्म्याची पुस्तकं, हिंदूंसाठी गावकरीचे आणि देवस्थानांच्या महाजनांचे कागद. सारस्वत घराण्यांनी मूळ गाव ठरवताना देव कुठून हलवला ते पाहावं. मंगेश १५६० मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, म्हणजे भक्तांचं मूळ गाव प्रियोळात शोधून उपयोग नाही.

गिरणगावात तीन पिढ्या काढलेल्या कोकणी, घाटी कुटुंबांना गावी जमीनच नसली तर? त्यांनी गावाच्या मुंबई मंडळाकडं जावं. लालबाग-परळच्या चाळींत गावकऱ्यांच्या सामायिक खोल्या असत आणि त्यांच्या वर्गणीच्या वह्यांत गावचा, वाडीचा, बापाच्या नावाचा उल्लेख असे.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या

जमिनीचे कागद शंभर-सव्वाशे वर्षांपाशी थांबतात. त्यामागं जायचं तर त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, तुळजापूर, गया, काशी, प्रयाग, हरिद्वार. तीर्थाला गेलेला माणूस आपल्या क्षेत्रोपाध्यायांच्या वहीत नाव लिहून यायचा. या नामावळ्या पिढ्यान् पिढ्या जपलेल्या आहेत.

तिथं गेल्यावर मूळ गाव, जात आणि आडनाव सांगा. आताचं नव्हे, मूळ गाव. कारण यजमान वाटले गेले ते प्रांत, गाव आणि जातीनुसार. "आमच्याकडं नाही, पलीकडच्या आळीत अमक्यांकडं जा," असं दोन-तीनदा ऐकावं लागतं. मग लांबट, लाल कापडात बांधलेल्या वह्या निघतात. एखाद्या पानावर तुमच्या खापरपणजोबांच्या हातचं किंवा त्यांनी सांगून लिहवलेलं: गाव, तालुका, बाप, आजा, पणजा, आईचं नाव, आजीचं नाव, भाऊ, चुलते, मुलगे, येण्याचं कारण आणि शके. शेवटी सही किंवा अंगठा. सातबाऱ्यानं ज्यांची कधी दखल घेतली नाही त्या आज्या-पणज्या इथं नावानं भेटतात, कारण श्राद्धाला आईचं आणि आजीचंही नाव लागतं.

या नोंदीचाही पारखून वापर करा. जो माणूस आला होता त्याची भावंडं, मुलं, आईबाप यांबाबत ती जवळजवळ निर्विवाद. पणजा आणि त्यावरची नावं त्यानं आठवणीनं सांगितलेली असतात. दक्षिणा आधीच बोलून घ्या, फोटो काढायला परवानगी मागा आणि निघताना स्वतःची नोंद लिहा. मुलींची, सुनांचीही नावं घाला. हरिद्वारसारख्या ठिकाणच्या बऱ्याच वह्यांची अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेनं १९७० च्या दशकापासून मायक्रोफिल्म केली. 'फॅमिलीसर्च' या मोफत संकेतस्थळावर त्यांतली पानं चाळता येतात, पण आधी कोणत्या पंड्याची, म्हणजे तिथल्या उपाध्यायाची, वही ते ठाऊक हवं.

कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या वाचकांनी हेळव्यांना विसरू नये. सुगीच्या दिवसांत दारी येऊन घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवणारा हा समाज. खानदेशात आणि विदर्भात तेच काम भाट करत आले, त्यांच्या पोथ्या असतात. दहा-बारा पिढ्या ते सहज सांगतील. शेवटच्या पाच-सहा तुमच्या कागदांशी ताडून पाहा. त्या जुळल्या तर वरच्यांना निदान तात्पुरता मान द्यायला हरकत नाही.

मोडी आणि मृगसाल

एकोणिसाव्या शतकातला कागद बहुधा मोडीत असणार. आधी पानभर ओळ मारायची, मग तिला अक्षरं लटकवत जायची, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळायचं नाही. भीती वाटते, पण आठ-दहा आठवडे रोज अर्धा तास दिला तर नावं, गावं आणि आकडे ओळखता येतात, आणि वंशावळीसाठी तेवढं पुष्कळ. पुराभिलेख संचालनालय आणि १९१० साली स्थापन झालेलं पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात. किचकट कागद वाचायला जाणकाराला पैसे देऊन द्या, मात्र लिप्यंतर ओळीला ओळ मागा. 'सारांश' घेऊ नका. तुमच्या कामाचं नाव नेमकं सारांशात गळतं.

तारखांचा घोळ मोडीपेक्षा मोठा. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना येतं. दख्खनी फसलीत ५९० मिळवायचे: फसली १३२५ म्हणजे १९१५-१६. पेशवाईतल्या कागदांत सुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत आणि उलट्या क्रमानं. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. त्यात ५९९ मिळवा. वर्ष जूनच्या सुमाराला, मृगापासून सुरू होतं, म्हणून जानेवारीपासूनच्या तारखेला ६०० मिळवायचे. उत्तर १७६०-६१, पानिपताचं साल. एकदा ही गोम कळली की सोपं आहे, आणि खात्रीसाठी त्या काळाची जंत्री, म्हणजे तिथी-तारखांचा मेळ देणारी सारणी, हाताशी ठेवावी.

इथवर पोचलात, घराण्याकडं वतन किंवा इनाम होतं असं दिसलं, तर पेशवे दफ्तराचं दार ठोठावा. १८५२ च्या कायद्यानं बसलेल्या इनाम कमिशननं इनामदारांकडून कैफियती घेतल्या आणि त्यांबरोबर वंशावळी. त्यामागच्या काळात महजर (गोतसभेची निर्णयपत्रं), निवाडे, करीने (घराण्यांच्या हकिकती). दोन भाऊबंद पाटीलकीसाठी भांडले की दोघंही आपापल्या पिढ्या गोतसभेपुढं सांगत. रोहिडखोऱ्यातल्या जेध्यांचा करीना प्रसिद्ध आहे तो असाच. ज्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या सलोखा होता त्याचा कागद मिळत नाही, ही या विषयातली गंमत. मात्र वादीनं सांगितलेली वंशावळ वादीच्या सोयीची असते. प्रतिवादीचीही वाचा.

ज्यांना कुणी नीट लिहिलंच नाही

वरचा सगळा रस्ता जमीनदार आणि वतनदार घरांना सोपा आहे. दलित कुटुंबांच्या नोंदी त्रोटक: नाव, बाप आणि आडनावाच्या जागी जात. तरी वाट आहे. महार वतनाची, हाडकी-हाडोळ्याची जमीन असेल तर वतनाच्या नोंदी आणि १९५८ च्या कायद्यानं वतनं खालसा झाल्यानंतरचे रीग्रँटचे, म्हणजे जमीन पुन्हा बहाल केल्याचे, कागद यांत अनेक हिस्सेदारांची नावं एकत्र मिळतात. कुणी पलटणीत, रेल्वेत, गिरणीत, गोदीत असेल तर नोकरीची आणि पेन्शनची कागदपत्रं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात पडले. तशा अनेक गावांत युद्धावर गेलेल्यांचे दगड लावलेले आहेत, आणि मृत सैनिकांची नावं राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या याद्यांत बापाच्या नावासह, कधी गावासह आढळतात.

१८७१ पासूनच्या कायद्यांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची नोंद सरकारनं ठेवली ती पोलिसी नजरेनं, बोटांच्या ठशांसह. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये ज्यांचे आजे तारेच्या कुंपणाआड राहिले त्यांना १९५२ मध्ये सुटका होईपर्यंतचा काळ सरकारी कागदात सापडू शकतो. वाचायला तो सुखाचा नाही.

परदेशातल्यांपैकी मॉरिशसच्या मराठी मंडळींचं नशीब बरं. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांच्या नोंदी आहेत: जहाज, वय, बाप, गाव, कित्येकांचे फोटोसुद्धा. गावांची नावं साहेबाच्या कानानं लिहिलेली असल्यामुळं रत्नागिरी-सावंतवाडीकडचा नकाशा समोर ठेवून मोठ्यानं उच्चारत बसावं लागतं. तंजावरच्या मराठ्यांना तर राजाची वंशावळ बृहदीश्वराच्या भिंतीवरच कोरलेली मिळते, १८०३ ची. ती भोसल्यांची, तुमची नव्हे.

छापील कुलवृत्तांत असेल तर जरूर घ्या, पण पुरावा म्हणून नव्हे, वाटाड्या म्हणून. मूळपुरुषाच्या आसपासची पानं बहुधा ऐकीव असतात. शहाण्णव कुळी, राजपुतान्यातून आलो, अमक्या ऋषीचे वंशज, हे दावे पेन्सिलीनं लिहा. पैसे घेऊन आडनावाचा इतिहास छापून देणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. थुंकीच्या डीएनए चाचणीनं दूरचे चुलतभाऊ जुळतात खरे, पण आपल्याकडचे फार थोडे लोक ती करतात, म्हणून सध्या तरी तो पैसा त्र्यंबकच्या खेपेला वापरणं बरं.

वंशवेल मांडताना प्रत्येक नावाशेजारी पुरावा लिहा: फेरफार क्रमांक, वहीचा शके, कुणी सांगितलं आणि कधी. पक्की जोड सरळ रेघेनं, संशयाची तुटक रेघेनं. दत्तक आढळले तर दोन्ही बाप दाखवा, वतनदार घरांत ते फार. दुसरेपणाची लग्नं, लेकवळे (लग्नाबाहेरची मुलं), घर सोडून गेलेली माणसं निघतीलच. मेलेल्यांबद्दल जे सापडलं ते नोंदवा. त्यातून जिवंत माणसाला ओशाळं व्हावं लागणार असेल तर तो भाग घरच्या प्रतीत ठेवा, व्हॉट्सॲपच्या भावकी ग्रुपवर टाकू नका. मुलींच्या शाखा नवऱ्याच्या आडनावापाशी कापू नका, निदान दोन पिढ्या पुढं न्या. प्रतीवर तयार केल्याची तारीख घाला, एक गावच्या घरी, एक शहरात, एक परदेशातल्या पुतणीकडं ठेवा. आणि मूळ मोडी कागदांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी तर मुळीच नको. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.